वळणावरचा कुकारा

डोंगरातल्या वाटेनं जाताना वळण आलं की आमच्याकडं कुकारा घालतात. तोंडाशी हात धरून लांबलचक ‘कूऽऽ’. पलीकडं अस्वल असलं तर ते बाजूला होतं, गवा असला तर मान वर करून बघतो आणि निघून जातो, आणि माणूस असलं तर तेही उलट कुकारा घालून सांगतं की मी आहे. लहान मुलंसुद्धा घालतात. मला मात्र ते कधी जमलं नाही. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो. जंगलात चार माणसं नसली तरी मला ती आहेत असंच वाटतं.

लग्नाआधी आई पुढं असायची, ती घालायची. लग्नानंतर सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांच्या कुकाऱ्यानं ओहोळापलीकडची कुत्री भुंकायला लागायची. “सून आणली का मुकी आणली?” असं त्या पहिल्या वर्षी शेजारणींना विचारायच्या, मला ऐकू येईल अशा बेतानं. पुढं गुडघ्यांमुळं त्यांचं डोंगर चढणं सुटलं आणि मी एकटी जायला लागले. वळण आलं की कोयत्याची मूठ झाडावर ठकठक आपटायची. तेवढ्यावर माझं भागत होतं.

माझं माहेर दिग्गीच्या बाजूला, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. भाऊ गोव्यात कामाला असतो, आई घरी एकटी. तिला आता अंधुकच दिसतं. मी आठवड्यातून एकदा जाते. तिचं डोकं धुऊन देते, पाणी भरून ठेवते, तांदूळ निवडून डब्यात भरते. नेताना पाटीत कणंगाचे कंद, केळी, भिरंडाची म्हणजे कोकमाची सोलं असं काहीबाही असतं. मी ज्या दिवशी येणार त्या दिवशी आई सकाळपासून अंगणात डोंगराकडं तोंड करून बसते. दिसत तर काही नाही. “मग बघतीस काय?” म्हटलं की म्हणते, “बघायला कशाला दिसाय पायजे?”

माझ्या धाकट्या दिरांनी, भाऊजींनी, घराशेजारी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या तेव्हा या वाटेवर बाहेरची माणसं यायला लागली. आधी आली ती पायी फिरणारी. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. जळवा लागल्या की ओरडायची, पण माणसं चांगली. मग आली सायकलवाली. त्या सायकलींची चाकं जाड, नांगरलेल्या जमिनीसारखी खाचाखाचांची. खिंडीपर्यंत ढकलत किंवा दम टाकत न्यायच्या आणि तिथून खाली सुटायच्या. पाचोळ्यावरून येतात त्या. कळतच नाहीत. पाणी आल्यासारखा थोडा सळसळ आवाज, आणि माणूस समोर.

डोक्यावर पाटी असली की मान फिरवता येत नाही, हे ज्यानं वझं घेतलंय त्यालाच कळेल. पायाखाली वाट हातभर, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. दोन-तीनदा सायकल अगदी माझ्या पदराशी येऊन थांबली. “सॉरी मावशी, सॉरी!” पोरं खरंच घाबरलेली असायची. मी मान हलवायची आणि पुढं जायची. घरी काही सांगायची नाही.

बोलले ते पायी फिरणारेच. धारवाडचे एक निवृत्त काका दर हिवाळ्यात आमच्याकडं येतात. एकदा जेवताना पडवीत त्यांचं आणि बेळगावच्या एका सायकलवाल्या पोरीचं जुंपलं. मी भाकरी वाढत होते.

“मी डोंगर शांतपणे बघायला येतो,” काका म्हणाले, “आणि मागून हा तोफगोळा येतो!”

“काका, तुम्ही चौघं वाटभर पसरून चालता,” पोरगी म्हणाली, “वर कानात गाणी. आम्ही ओरडून मेलो तरी तुम्हाला ऐकू येत नाही.”

“गाणी नव्हती ती. भीमपलास होता.”

“ब्रेकला राग कळत नाहीत, काका.”

भाऊजींना दोन्हीकडचे पाहुणे पाहिजेत. ते डोकं खाजवत गोठ्याकडं गेले आणि जनावरांच्या गळ्यातल्या जुन्या लाकडी घंटा घेऊन आले. सायकलच्या दांडीला घंटा बांधायची. आवाज आला की चालणाऱ्यांनी बाजूला व्हायचं. काकांना पटलं. पोरीला तर घंटा इतकी आवडली की तिनं ती वाजवून वाजवून गोठ्यातल्या म्हशीला उठवलं. सगळे हसले. मलाही बरं वाटलं. आता ऐकू तरी येईल.

पुढच्या आठवड्यात मी माहेरच्या वाटेला लागले. भात पिकून उभं होतं. खिंडीच्या अलीकडच्या चढणीवर वरून घंटेचा आवाज आला. टक-टॉक, टक-टॉक. घंटा आमच्या गोठ्यातली नव्हे, आमच्या जनावरांच्या घंटा मला झोपेतही कळतात. ही कुणाची तरी गाय सुटलीय आणि खाली पिकात चाललीय, एवढंच मनात आलं. सायकलची आठवणच झाली नाही. घंटा ऐकून बाजूला कोण होतं? आमच्यात घंटा ऐकली की जनावराला आडवं जातात. मी डोक्यावर पाटी तशीच ठेवून वाटेच्या मधोमध उभी राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, “हैऽ! हैऽ!”

वळणावरून गाय आली नाही, बेळगावची पोरगी आली.

तिनं सायकल कारवीत घातली, म्हणून मी वाचले. ती झुडपात, सायकल तिच्या अंगावर, माझी पाटी उलटी आणि कणंग गडगडत दरीत. माझा पाय मुरगळला. तिचं कोपर सोलपटलं होतं. ती झुडपातून डोकं बाहेर काढून माझ्या पसरलेल्या हातांकडं बघत राहिली. मी हात अजून खाली घेतलेच नव्हते.

“मावशी,” ती म्हणाली, “मला गाय समजलात?”

मी मान हलवली. ती हसायला लागली आणि हसता हसता कोपर धरून रडायला लागली. मग आम्ही दोघींनी सापडले तेवढे कणंग गोळा केले. तिनं मला सायकलला धरून खाली आणलं. भाऊजींनी दोन घंटा नवीन विकत आणलेल्या, त्यातलीच ती एक, हे मला घरी आल्यावर कळलं.

त्या दिवशी घरातल्यांच्या मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. माझे मालक फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. “बास झालं. या वाटेनं आता जायचं न्हाई. बसनं जा.”

पायाची सूज उतरल्यावर बसनं गेले. आमच्या फाट्यावरून जोयडा, जोयड्याहून दुसरी गाडी, उतरून पुन्हा चाल. जोयड्याची गाडी वेळेवर आली, पुढची आलीच नाही. जीपमध्ये बसायला माणसं भरेपर्यंत दुपार टळली. मी पोचले तेव्हा आई अंगणातच होती, डोंगराकडं तोंड करून. मी मागच्या बाजूनं, रस्त्याकडनं आले होते. तिनं मला ओळखायला वेळ लावला. सकाळपासून तिनं काही शिजवलं नव्हतं, मी आले की दोघींचं करू म्हणून. आणि तीच जीप परत जाणार होती. पाणी भरलं, तांदूळ तसेच राहिले. निघताना तिनं माझा हात धरला आणि विचारलं, “पुढच्या खेपेला डोंगरावरनं येशील न्हवं?”

मी “येते” म्हणाले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तेच डोक्यात होतं. असं यायचं तर महिन्यातून एकदा जमेल. तेही कधी जमायचं नाही. आणि आई मात्र दर आठवड्याला डोंगराकडं तोंड करून बसणार.

त्याच शनिवारी पाहुणे पुन्हा जमले. सायकलवाली पोरं होती, काका होते. माझ्या पडण्यामुळं भाऊजी हादरले होते. त्यांनी ठरवून टाकलं होतं, शनिवार सायकलींचा, रविवार चालणाऱ्यांचा.

“आणि वैनीचा वार कंचा?” दारात बसलेल्या आत्ती म्हणाल्या. “बाळंतपणाला सुईण जायची आसंल तर तिचा वार कंचा? वाट काय बाजार हाय, वार लावाय?”

“मग तूच सांग,” भाऊजी वैतागले.

“आमी काय करत हुतो? आगुदर बी भरल्या वझ्याची माणसं वर जायची, मोकळी खाली यायची. देवानं तोंड दिलंय. कुकारा घालायचा. उलट आला की खालच्यानं यायचं, वरच्यानं थांबायचं. वझंवाला दिसला की सगळ्यांनीच थांबायचं. जनावर हाय का माणूस हाय, हे घंटेला सांगता येत न्हाई. तोंडाला येतंय.”

पोरगी म्हणाली, चढणाऱ्याला वाट द्यायची हे त्यांच्यातही आहे, फक्त वळणापलीकडं कोण चढतंय हे कळत नाही. ती वळणाआधी उतरून, थांबून, कुकारा घालायला तयार होती. काका म्हणाले, ते कानातलं काढतील, पण सायकली खरंच थांबल्या तर. आत्ती म्हणाल्या, “आता घालून तर दावा.”

मग अंगणात एकेकानं कुकारा घातला. काकांचा कोल्ह्यासारखा निघाला. पोरीचा मधेच फाटला. भाऊजींचा बरा होता, पण आत्ती म्हणाल्या, “ह्याच्यापरास म्हस बरी.” हसून हसून सगळे लोळले, आणि मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मी तवा उचलून आत गेले.

मालक मागोमाग चुलीपाशी आले. हळू आवाजात म्हणाले, “त्यांचं जमंल. पण तू कुकारा घालत न्हाईस. तू हाईस हे वरच्याला कसं कळणार? मी कुठल्या जिवावर तुला सोडू?”

त्यांचं खरंच होतं. आता सगळं माझ्या घशावर येऊन अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी भरली. मालक म्हणाले, मी संगं येतो, कुकारा मी घालतो. मी नको म्हणाले. एका वेळचं झालं असतं ते. ते वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत आले आणि तिथल्या दगडावर बसले. “इथनं मला पयलं वळान ऐकू येतंय,” म्हणाले. “आवाज आला न्हाई तर मी मागनं येणार.”

पहिल्या वळणावर उभी राहिले. कोयत्याची मूठ झाडावर आपटली. सवयच ती. मग तोंड उघडलं, तर नुसता वारा निघाला. पाटी डोक्यावर, मान ताठ. कोण बघतंय, कोणी नाही, तरी कानशिलं तापली. मग आईचं ते डोंगराकडचं तोंड आठवलं. मी डोळे मिटले आणि कुकारा घातला. बारका, पोरीच्या कुकाऱ्याहून वाईट. पण खालून, वाडीकडनं, मालकांचा उलट आला.

खिंडीखालच्या वळणावर, माझी पाटी जिथं पडली होती तिथं, मी जरा मोठ्यानं घातला. वरून फाटका आवाज आला. “कूऽऽ!” आणि लगेच, “मावशी आहात का?”

“व्हय!” मी म्हणाले. त्यानंतर मला माझंच आश्चर्य वाटलं, कारण मी पुढं म्हणाले, “वझं हाय! थांबा!”

वळून वर गेले, तर ती आणि तिच्याबरोबरची पोरं सायकली कारवीत टेकवून कड्याला पाठ लावून ओळीनं उभी होती. त्यांच्या मागं काका, तेही उभे, काठी छातीशी धरून. मी मधनं गेले. काकांनी मला नमस्कार केला, तेव्हा मात्र मी पुन्हा लाजले.

खिंडीत पोचल्यावर खाली आईचं कौल दिसतं. तिथं वळण नाही, कुकारा घालायचं कारण नाही. मी घातला. दोनदा घातला. बऱ्याच वेळानं खालून एक बारीक, थरथरता कुकारा वर आला. मी तो लग्नानंतर ऐकलाच नव्हता.

अंगणात पाय ठेवला तर आई चुलीपाशी होती. भात शिजत होता. “मला वाटलं कुणी बाप्या वरडतंय,” ती म्हणाली. “मग म्हटलं, दोनदा कोण घालंल, ही माझीच.”

आता असंच असतं. मी खिंडीतून घालते, ती उलट घालते आणि तांदूळ धुते. मी उतरेपर्यंत भात होतो. डोंगराकडं तोंड करून बसणं तिनं सोडून दिलंय. काही सायकली अजून थांबत नाहीत. नवीन पोरं आली की भाऊजींना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. आत्ती त्यांच्याकडून कुकारा घालून घेतात आणि नावं ठेवतात. काकांचा अजूनही कोल्ह्यासारखाच आहे.

परवा मला उशीर झाला. खिंडीतून घातला तर खालून उत्तर आलंच नाही. मी जवळजवळ पळतच निघाले. उतरले तर अंगणात सायकल, आणि बेळगावची पोरगी आईसमोर बसून माझा भात खात होती. तिनं खिंडीतून कुकारा घातला होता, दोनदा. आईनं तिलाच उलट घालून तांदूळ धुतले होते; वाढण्याच्या नादात माझा ऐकलाच नव्हता.

“तुझ्यासारखाच घातला हिनं,” आई म्हणाली. “आली तर ही. मग काय उपाशी धाडू?”

पोरगी खजील होऊन उठायला लागली. “मावशी, तुमचा आहे हा.”

“बस,” मी म्हणाले, मोठ्यानं. आणि दुसरा तांदूळ धुवायला घेतला.