पोटावर उडणारी माळ

सुईचा ट्रे मीच लावला, अन् टेबलवर आमचे मालकच झोपलेले. नांदेडच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीच्या रूममध्ये मी काम करते. नाव पुकारायचं, पोटावर जेली लावायची, झालं की पुसायचं. शिक्षण आठवी. लोकांची पोटं रोज पुसते, पण आपल्याच नवऱ्याचं पोट इथं पुसावं लागंल असं वाटलं न्हवतं.

मालकाला लई कावीळ झालती. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अंगाला खाज. लिवरमधलं पित्त आतड्यात सोडणारी एक बारीक नळी असती. तिला काहीतरी दाबून राहिलं होतं. उमरीच्या सोनोग्राफीत तिथं गाठ दिसलती. गाठ म्हणलं की लोकं एकच नाव घेत्यात. म्हणून आज सुई घालून तिचा तुकडा काढायचा होता, तपासायला.

"ती माळ काढा," आमचे सर, म्हंजे सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणले.

मालकाच्या गळ्यात काविळीची माळ होती, दोऱ्यात बांधलेल्या काड्यांची. कावीळ उतरंल तशी माळ लांब होत जाती म्हणत्यात; ही पार बेंबीपर्यंत आलती. आमच्या आत्याबाईनं, म्हंजे सासूनं, नायगावहून आणलेली. आत्याबाई आमच्या पोरीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या.

"माळ काढायची न्हाई. तिनंच उतरून राहिली कावीळ."

"उतरली असती तर इथं कशाला आला असता, आजी?"

"सुनंनं आणलं म्हणून."

सर हसले. "राहू द्या. बाजूला सरकवा."

मी सरकवली. ती घसरून परत बेंबीच्या वर आली अन् उडायली. टुक, टुक, टुक. सर सुई घेऊन थांबले.

"श्वासानं उडायली का, सर?" मी विचारलं.

"बघू. दादा, श्वास रोखा."

मालकानं श्वास रोखला. मी पण रोखला. माळ उडतच होती.

"बारीक माणसाचं पोट उडतंच," सर म्हणले. पण सुई ट्रेमध्ये ठेवली अन् कलर लावला. कलर म्हंजे मशीनचं एक बटन. वाहतं रक्त लाल-निळं दिसतं. गाठीत रंग गरगर फिरायला लागला.

"ही गाठ न्हाई का, सर?"

"फुगा आहे. सायकलच्या ट्यूबला येतो ना, तसा रक्ताच्या नळीला आलाय. तोच पित्ताची नळी दाबतोय. सुई घातली असती तर..."

मी ट्रे उचलून पार बेसिनपाशी नेऊन ठेवला.

"पोटाला मार लागला होता का कधी?"

"गाडीचं हँडल घुसलतं," मालक म्हणले. "लई दिस झाले त्याला."

सीटी स्कॅन झालं, फुगाच निघाला. लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं जांघंतून बारीक तार सरकवली, अन् फुग्यात तारंचे वेटोळे भरून रक्त बंद केलं. पित्ताच्या नळीत प्लास्टिकची नळी ठेवली. हळूहळू डोळे पांढरे झाले. पोरगी पुन्हा त्यांच्या पोटावर बसून खेळायली. मी अजून तिला उचलून बाजूला घेते.

सर म्हणत्यात, "कलर मी लावणारच होतो." असंल. आता सुईचा ट्रे मी मशीनवर कलर दिसल्याबिगर आणतच न्हाई.

आत्याबाई म्हणत्यात, माळंनंच वाचवलं. परवा शेजारीण ती माळ मागायला आली, तिच्या दिराला कावीळ झाली म्हणून.

"देते की," आत्याबाई म्हणल्या. "पण आदी सोनोग्राफी करून आण. कलरची."