ठोंब्याचं मुसकं

बसमध्ये तिकिटं तपासण्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला गल्ली 'चेकर' म्हणायची, आणि बायकोला ते नाव शंभर टक्के पटलेलं होतं. कारण घरात त्याची तपासणी अजून चालूच होती. चपला ओळीत हव्यात, दुधाची पिशवी रेषेवरच कापली पाहिजे, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा म्हणजे लाल दिवा. ती पडदे शिवायची आणि जित्याची खोड म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची.

त्या दिवशी त्यांचा कुत्रा ठोंब्या परसातून आला तो तोंड सुजवूनच. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, ओठ जाड होऊन लोंबलेले, नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना.

"गांधीलमाशी चावली असणार," ती मशीनवरून उठलीच. "अहो, चला, दवाखान्यात!"

"थांब. मुसकं कुठंय?"

"त्याचं तोंड बघा जरा! आता मुसकं?"

"तिथे पाटी आहे. मुसक्याशिवाय कुत्र्याला आत घेत नाहीत."

त्याने मुसक्याचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढून बसवला. वाटेत लाल दिव्याला थांबलाही. समोरून सायकलसुद्धा येत नव्हती. या माणसाशी संसार केला म्हणून आपल्याला कुणीतरी पदक द्यायला हवं, असं तिला वाटलं.

दवाखान्यात रांग. बाकाखाली ठोंब्या घरघरू लागला. सूज वाढत होती आणि पट्टा कातडीत रुतत होता. बिचाऱ्याला धाप टाकायला तोंड उघडता येईना.

"सोडा ते!"

"आपला नंबर आला की लगेच..."

"नंबर यायच्या आत जाईल तो!"

तेव्हा कुठे चेकर खाली वाकला. पण बक्कल सुजेत बुडालेलं, बोटांना सापडेना. तिने त्याला ढकललं आणि मशीनवरून उठताना खिशातच राहिलेली कापडाची कात्री काढली. त्या कात्रीने घरात कुणी कागद कापला तरी ती आकाशपाताळ एक करायची. आज तिने पातं पट्ट्याखाली सरकवून चामडं कापलं. ठोंब्याची जीभ बाहेर पडली, निळसर.

"डॉक्टर!" ती अशी ओरडली की रांगेतली मांजरंही दबली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, तिथेच फरशीवर इंजेक्शन दिलं. हळूहळू घरघर थांबली.

"सुजलेल्या तोंडावर हे कुणी बांधलं?" त्यांनी तुटका पट्टा उचलून विचारलं.

"मी," चेकर म्हणाला.

त्या आत गेल्याबरोबर बायको सुटली. "जीव जात होता त्याचा! अशा वेळी कोण विचारणार होतं मुसकं कुठंय म्हणून?"

"मी विचारलं असतं." तो ठोंब्याकडेच बघत होता. "दारात मी असतो तर नसतं घेतलं आत. तापलेलं पोर मांडीवर घेतलेल्या बाईला मी बसमधून उतरवलंय गं. पास घरी विसरली होती. मला वाटलं, आपल्यालाही तसंच कुणीतरी..."

तिचा राग अजून अर्धाही संपला नव्हता, आणि आता तो ओतायला जागाच राहिली नाही, म्हणून ती आणखीच चिडली.

"आणि त्या पोराचं काय झालं?"

"माहीत नाही. मी पुढच्या बाकावरची तिकिटं बघायला लागलो."