बिनपंख्याचं इंजिन

चि. अनिकेत आणि चि. मुक्ता,

दिगूआजोबा गेल्याचं सांगायला मी तुम्हा दोघांना वेगवेगळे फोन केले. दोघांनीही जरा हळहळून पुढं एकच विचारलंत, "आजी, मग गाडीचं काय?" एक कॅनडात, दुसरी ऑस्ट्रेलियात, आपसात ठरवून विचारलं असणं शक्य नाही. मला राग आला आणि मी दोन्ही फोन लवकर ठेवले. त्याला आता महिना होऊन गेला. राग थोडा उतरला आहे, आणि तुमचा तरी काय दोष? माझ्या या दिरांनी आयुष्यभर स्वतःबद्दल एक वाक्य धड सांगितलं नाही, आणि गाडीबद्दल बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार झाला तरी थांबले नाहीत. लोकांना गाडीच लक्षात राहणार. पण तेराव्याला पुण्याहून काही जुन्या गाड्यांचे शौकीन आले होते. त्यांच्यातला एक जण अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "काकांचा जीव होता गाडीवर, पण इंजिन ऐकायचा कान नव्हता. नाहीतर इतकं सुंदर इंजिन फुटेपर्यंत कोण चालवतं?" दिवस तसा नव्हता म्हणून मी गप्प बसले. हे लिहायला बसले आहे ते त्या वाक्यामुळं.

मी लग्न होऊन सोलापूरहून इथं आले तेव्हा हैदराबाद संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आताच्या धाराशिवला सगळे उस्मानाबाद म्हणत. आपली शेती ढोकीच्या वाटेवर. घरातले पुरुष निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि या गोष्टीचा घरात कुणाला काही उपयोग होईल असं मला वाटत नव्हतं. मग एका नवरात्रात तुमचे आजोबा तुळजापूरला दर्शनाला गेले आणि परत आले तेव्हा गोठ्यात बैलांची जोडी नव्हती, मोटार होती. जहागिऱ्या गेल्यावर एक जहागीरदार कुटुंब गाव सोडून निघालं होतं. त्यांना सामान न्यायला बैल हवे होते. माझ्या धाकट्या दिरांनी आपली जोडी देऊन त्यांची इंग्लिश बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी, बिनछपराची शर्यतीची गाडी घेतली होती.

"दिग्या, हे काय हाय?" आजोबांनी विचारलं.

"दादा, हिला दोन कार्ब्युरेटर हायेत."

"मग एकेकाला नांगुर बांधतूस का काय?"

गाडी दिसायला देखणी होती, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. निम्म्याहून जास्त लांबी पुढच्या बॉनेटची, त्यावर कातडी पट्टा आवळलेला. माणसांना मागं जेमतेम जागा, जशी काही तीच परकी. चाकांना तारांच्या आऱ्या. पुढच्या चाकावरून निघालेला मडगार्ड खाली वाकत वाकत दारापाशी येऊन संपायचा. भाऊजी त्या वळणावरून तळहात फिरवत म्हणायचे, "वैनी, ज्यानं हे काढलं त्यानं हात उचललाच नसंल बगा कागदावरून." मी म्हणायची, बसायला जागा ठेवली असती तर त्याचा हात दुखला असता का? यावर ते हसायचे नाहीत. गाडीची थट्टा त्यांना चालायची नाही. एवढ्या गमत्या माणसाचं हे एक न कळणारं गांभीर्य होतं.

गाडीबरोबर तिचं इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मी भाकरी थापते आहे, दिवाळीची बोळकी घासते आहे, काहीही असो, दारात भाऊजी उभे. "वैनी, तेवढं व्हॉल्व्हचं पान." मी वाचायची, मराठी करून सांगायची, आणि ते मान हलवून म्हणायचे, "परत." त्या पुस्तकात एक गोष्ट होती जी त्यांना फार आवडायची. या इंजिनाला पंखा नव्हता. गाडी धावेल, समोरून वारा येईल आणि त्यानंच पाणी थंड होईल, असा बनवणाऱ्याचा हिशोब. "बगा," ते म्हणायचे, "हुबं ऱ्हायचंय हे त्याच्या मनातच न्हाय आलं." मला तो निव्वळ वेंधळेपणा वाटला, आणि अजूनही वाटतो.

पुढं पुढं मला नुसतं वाचून सुटका नसायची. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात का हे बघायला ते रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला लावायला सांगत, दुसरं आळीपाळीनं एकेका तोंडाशी धरत. "दोन्हीकडचा श्वास सारखा हाय का?" मी वैतागून हो म्हटलं की त्यांना लगेच कळायचं. "तुमी ऐकलंच न्हाय." मग ऐकावंच लागायचं. कोणता खडखडाट निरुपद्रवी, कोणता वाईट, हेही त्यांनी मला शिकवलं. वाईटातला वाईट म्हणजे खालून येणारी जड ठकठक, लाकडी पेटीत कुणी मुठीनं मारावं तशी. ती आली की तत्क्षणी बंद करायचं. पिस्टनच्या दांड्याचं बेरिंग गेलेलं असतं, आणखी चालवलं तर दांडा तुटून इंजिनाच्या पोटातून बाहेर येतो. मला यातलं काहीही शिकायचं नव्हतं. पण शिकलेलं विसरता येत नाही, हा माझ्या शिक्षणाचा तोटा.

साठ सालानंतरची गोष्ट. ढोकीच्या साखर कारखान्याची नुसती बोलणी चालली होती. ऊस असेल त्यानं आपल्या नाहीतर शेजाऱ्याच्या गुऱ्हाळावर गाळायचा. आपलं गुऱ्हाळ होतं आणि आसपासच्या शेतकऱ्यांना आपल्याकडं पाळी मिळायची. घरची रीत अशी, की कढईखालचं चुलवण एकदा पेटलं की कबूल केलेल्या सगळ्या पाळ्या संपून शेवटची कढई उतरेपर्यंत ते विझवायचं नाही. त्या वर्षी पाळ्या सुरू झाल्या आणि चरक फिरवणारं डिझेल इंजिन मोडलं. सोलापूरहून भाग यायला कितीतरी दिवस लागणार. तोडलेला ऊस उन्हात पडला, तोडायचा तुऱ्यावर आला. आणि बैलांच्या चरकाला जुंपावी अशी दमदार जोडी घरात नव्हती. ती का नव्हती हे आजोबांनी जेवताना, अंघोळीला जाताना, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, इतक्या वेळा सांगितलं की मीच कंटाळले.

भाऊजींनी दोन दिवस हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन ते सरळ गुऱ्हाळावर गेले. मागचा डावा भाग जॅकवर उचलला, उजव्या चाकाला दगड लावले, डाव्या चाकाचा टायर काढला आणि उघड्या रिमवरून पट्टा नेऊन चरकाच्या मोठ्या चाकाला जोडला. पहिल्या गिअरमध्ये गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली आणि चरक फिरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींचा चेहरा मात्र घरातलं कुणी लोकांच्या दारी कामाला धाडावं तसा झाला होता.

मग सुरू झाला तो तमाशा मी विसरणार नाही. पंखा नाही, वारा नाही, इंजिन तापायचं. शेजारच्या शेतातली सरूबाई विहिरीवरून घागरी आणून ओतायची आणि ओली पोती बॉनेटभोवती गुंडाळायची. तिच्या घरात पुरुष माणूस नव्हतं, गाडीबैल नव्हते. तिची पाळी सगळ्यांत शेवटी, तोवर तिनं पाणी घालायचं आणि मग तिचा ऊस गाळून द्यायचा, असं भाऊजींनी तिला कबूल केलं होतं. "लई तान्हेली हाय तुमची बया," ती म्हणायची, "लेकुरवाळी तरी एवढं पीत न्हाय." एवढं करूनही भाऊजी मध्येच पट्टा काढायचे, चाकाला टायर चढवायचे आणि ढोकीच्या रस्त्यानं भरधाव चक्कर मारून यायचे. का, तर तिला वारा पाहिजे. इकडं कढईतला पाक पुढं जातोय, चरकाशी माणसं हात बांधून उभी. गूळ करणारा गुळव्या कपाळाला हात लावायचा. आजोबा ओरडायचे, "अरे, ऊस गाळायचाय का तिला हवा खायला न्यायचीय?"

"दादा, आवाज जरा जड आला हुता."

"तुला जड आला! आमाला तर एकच ऐकू येतंय, रस आंबतोय त्यो."

आवाज जरा बदलला की थांबायचं. कधी प्लग काढून बघायचे, कधी तेल बदलायचे, कधी नुसताच कान लावून उभे राहायचे. अशा थांबत थांबत आपल्या आणि शेजाऱ्यांच्या पाळ्या निघाल्या. दरवेळी मला वाटायचं, एक तर ऊस वाळणार नाहीतर दोघे भाऊ वेगळे होणार.

शेवटी सरूबाईची पाळी आली. दुपारची वेळ. तिचा ऊस थोडाच, पण तिचं वर्षाचं तेवढंच. मी गूळ बांधायची फडकी घेऊन आले होते. निम्मा ऊस गाळून झाला होता, रस कढईत चढला होता आणि मला ती ठकठक ऐकू आली. खालून, जड, पेटीत मूठ मारल्यासारखी. मी भाऊजींकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. जो माणूस प्लग शिंकला तरी चरक थांबवायचा, तो जागचा हलला नाही. सरूबाई घागर घेऊन आली. त्यांनी ती तिच्या हातातून घेतली, स्वतः पाणी ओतलं आणि म्हणाले, "तुमी तिकडं ऊस लावा, लवकर." ठकठक वाढत गेली. मग आजोबांनाही ऐकू आली. "दिग्या, बंद कर ते," ते म्हणाले. भाऊजींनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटची मोळी चरकातून गेली, चिपाड पलीकडं पडलं, ते स्विचकडं वळले, आणि हात पोचायच्या आत इंजिन फुटलं. तेल मातीवर पसरलं. सरूबाईची कढई मात्र उतरली आणि चुलवण रीतीप्रमाणं विझलं.

त्यानंतर गाडी चालली नाही. तसा इंजिनाचा ब्लॉक कुठं मिळाला नाही. जीपचं इंजिन बसवायला लोक तयार होते, तर हे म्हणाले, "दुसऱ्याचा गळा हिला बसवू?" मी म्हटलं, मग गाते आहे का आता ती? गोठा तिनं कायमचा अडवला. तिथं मुलींचा इंग्रजीचा वर्ग घ्यायचं माझ्या मनात होतं, तो मी पुढं देवळाच्या ओवरीत, शेळ्या हाकलत घेतला. आणि दरवर्षी कुणी ना कुणी शौकीन यायचा, बॉनेट उघडायचा, हळहळायचा आणि विचारायचा, "काका, ठोका ऐकू नाही आला?" भाऊजी शांतपणे सांगायचे, "तवाबी कान कमीच हुता आमचा." टाचणी पडली तर ऐकू येणारा माणूस! मला इतका संताप यायचा… लोकांसमोर मी काही बोलायला गेले की ते म्हणायचे, "वैनी, चहा टाका." आजोबांनाही त्यांनी कधी खरं सांगितलं नाही. आणि सरूबाईला तर नाहीच; ती बिचारी जिवंत होती तोवर दर संक्रांतीला गूळ आणून द्यायची आणि "इंजन जुनंच हुतं, मालक," म्हणून त्यांचीच समजूत काढायची.

गेल्या उन्हाळ्यात, ते आजारी पडण्याच्या आधी, आम्ही दोघं गोठ्यात बसलो होतो. मी सरळ विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं. मग बंद का नाही केलं?" त्यांनी त्या मडगार्डवरून तळहात फिरवला.

"वैनी, रस कढईत चढला हुता का न्हाय?"

"चढला होता."

"आन् निम्मा ऊस?"

"बाहेर होता."

"मग?" ते म्हणाले, जणू मीच कधीतरी काहीतरी नीट वाचलं नव्हतं. आणि वर म्हणाले, "जावा, चहा टाका."

तर मुलांनो, गाडीचं काय, हे आता क्रमानं सांगते. ती गोठ्यातच आहे. बॉनेटचा पट्टा उंदरांनी खाल्ला. पुस्तक माझ्याकडं आहे. इंजिनाच्या डाव्या अंगाला माझी मूठ जाईल एवढं भोक आहे. मागच्या डाव्या चाकाचं रिम, टायर बसतो तिथं, चरकाच्या पट्ट्यानं घासून आरशासारखं झालेलं आहे; बाकी तिन्हींना त्यांनी वेळोवेळी रंग दिला, त्याला दिला नाही. ते तसंच आहे.