ब्रुनो नागभीडला गेलाच नव्हता

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारी बाई. भीती नाही वाटत, कंटाळा येतो. आणि हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. वैतागून लिहितेय. कारण ऊर्जानगरमधले अर्धे लोक अजूनही मला खोटारडी समजतात.

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरजवळची वीज केंद्राची कॉलनी. माझे मिस्टर तिथेच शिफ्टमध्ये आहेत. मी कॉलनीतले कुत्रे फिरवते, मालक गावाला गेले की घरी ठेवून सांभाळते. सुरुवातीला लोक हसले, "आता कुत्रे फिरवाले बी मानूस लागते का?" पण इकडे बिबट्या यायला लागला, अंधार पडल्यावर कुत्रं बाहेर काढायची सोय राहिली नाही, आणि दिवसा नोकरीवाल्यांना वेळ कुठला? माझं बरं चाललं होतं.

प्रज्ञा मॅडम माझ्या सगळ्यात जुन्या क्लायंट. त्यांचा ब्रुनो, तपकिरी, लोंबत्या कानांचा. त्या पावसाळ्यात मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी नवरा-बायको पुण्याला गेले आणि ब्रुनो माझ्याकडे आला. मॅडमचे सासरे, आबाजी, नागभीडजवळ शेतावर एकटे राहतात. दिवाळीला ते कॉलनीत यायचे, म्हणून ब्रुनोला ओळखायचे. मी मात्र त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

त्या सकाळी फिरताना ब्रुनोच्या पायात काच घुसली. मी काढली, जखम धुतली, जुन्या पिवळ्या ओढणीची पट्टी फाडून बांधली. एवढंसं लागलेलं, म्हणून कोणाला सांगितलंही नाही. दुपारभर ब्रुनोसाहेब आमच्या व्हरांड्यात. मिस्टर ड्यूटीवरून आले तेव्हा त्यांची चप्पल चावत बसलेले... त्यावरून बोलणीही खाल्ली.

संध्याकाळी मॅडमचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"ब्रुनोला नागभीडला कोणाला विचारून नेलंस?"

"नागभीडला? मॅडम, तो इथे आहे. माझ्यासमोर!"

"खोटं नको बोलू. बाबा दुपारी धानाच्या बांधावरून घसरून पडले, मांडीचं हाड मोडलंय. ब्रुनो त्यांच्याजवळ भुंकत होता. मग पलीकडे धानाच्या रोपांची रोवणी करणाऱ्या बायांना त्यानेच बोलावून आणलं. बाबा सांगताहेत, बाया सांगताहेत."

मला वाटलं, गावातलंच एखादं कुत्रं असेल. दुखण्यात म्हातारा माणूस चुकला असेल. मी म्हटलं, थांबा, दाखवतेच. व्हिडिओ कॉल लावला. ब्रुनो उठून शेपूट हलवायला लागला.

"त्याच्या पायाला ते पिवळं काय आहे?"

"पट्टी. सकाळी काच लागली होती."

मॅडम स्क्रीनजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "बायासुद्धा हेच सांगताहेत. पायाला पिवळी चिंधी होती म्हणून."

आता बोला! माझ्या अंगावर काटा आला आणि त्यांचा संशय पक्का झाला, की मी दुपारी नेला आणि संध्याकाळपर्यंत परत आणला. मिस्टर फोन घेऊन ओरडले, "अहो मॅडम, दुपारी तो इथंच होता, मी पाह्यला!" तर म्हणे, तुम्ही बायकोचीच बाजू घेणार. बरं, मी नेला असता तर कशाला? दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर, ओळखदेख नसलेल्या माणसाच्या शेतात? पण पुण्याहून येताच त्या ब्रुनोला घेऊन गेल्या. कॉलनीच्या ग्रुपवर गोष्ट फिरली. 'न विचारता कुत्रे कुठेही नेते.' एकेक करून बाकीचे क्लायंटही सुटले.

आबाजी दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं तशी मी मिस्टरांना घेऊन नागभीड गाठलं. रोवणीवाल्यांपैकी शेवंताबाई तिथेच बसल्या होत्या. मी मोबाईलवर माझ्याकडच्या सगळ्या कुत्र्यांचे फोटो दाखवले. त्यांनी एकेक पाहिला आणि ब्रुनोवर बोट ठेवलं.

"हाच. माह्या पदराले धरून ओढत नेलन यानं."

"मग गेला कुठे?"

"आमी आबाजीले उचलून खाटेवर टाकलं. मंग पाह्यलं त नोता."

आबाजी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते. "बाई, तू नाई आनला त्याले?"

"नाही आबाजी. देवाशप्पथ नाही."

"मंग नाई आनला. तू काऊन खोटी बोलशीन? पन मी बी खोटा नाई बोलून राह्यलो. त्याचं ओलं नाक लागलं ना माह्या गालाले."

"अहो, पण दोन्ही खरं कसं असेल?"

"ते मले काय मालूम? मी त चिखलात पडलो होतो." आणि सुनेला फोन लावून म्हणाले, "तिले काई बोलू नको." मॅडमनी काय अर्थ काढला? मी जाऊन म्हाताऱ्याला पटवून आले!

ब्रुनोला आता दुसरा माणूस फिरवतो. रस्त्यात दिसला की धावत येतो. मी त्याचे कान धरून विचारते, "गेला होतास का रे?" मागून लोक बघतात, ते वेगळंच.

यातलं कोणाला काही कळत असेल तर जरूर लिहा. फक्त 'तुम्हाला भास झाला असेल' असं लिहू नका. भास व्हायला मी काही पाहिलंच नाही हो! जे काही घडलं ते तिकडे, त्यांच्यासमोर घडलं. माझ्यासमोर तर दिवसभर एक साधं कुत्रं होतं. आणि जाब मात्र सगळे मलाच विचारतात.