शाफ्टचं माप

रायपूरच्या त्या खरादवाल्या, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्या काकांना मी एकदाच भेटलो. मी अकोल्याचा, आठवीत शाळा सुटलेली, तिथल्या एका गॅरेजात नवीनच मिस्त्री. एका जुन्या जीपमध्ये आम्ही मोठं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स बसवला होता. तिथून मागच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट कापून आखूड करायचा होता. माप चुकलं असतं, तर पहिल्याच खड्ड्यात गिअरबॉक्स फुटला असता आणि माझी नोकरी गेली असती.

मी माप लिहून आणलेली चिठ्ठी काकांनी वाचली. कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा तिथेच खोचली.

"मापताना गाडी कशावर होती?"

"जॅकवर."

"मंग चाकं लोंबून राहिली असतील ना, बाबू! गाडी का हवेत चालते का?"

मशीन बंद करून ते माझ्यासोबत शंकर नगरच्या गॅरेजात आले. घरापासून इतक्या दूर कोणी माझ्यासाठी काम थांबवेल, असं मला वाटलं नव्हतं. जीप खाली उतरवून ते मागच्या सीटवर ऐसपैस बसले. "वजन मी देतो. माप तूच घे."

मी गाडीखाली झोपलो. टेप ताणून धरली. माप चिठ्ठीतल्यापेक्षा बोटभर कमी भरलं.

"पुन्हा घे," ते वरून म्हणाले.

तीनदा घेतलं, तीनदा तेच आलं.

एवढ्यात गॅरेजचे मालक आले. "काय झालं?"

"काही नाही," काका उतरत म्हणाले. "तुमचा मिस्त्री माप पक्कं करून राहिला."