आमच्या धाकट्याने सांडलेला चुना

आमच्या धाकट्याला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. तो एका जागी बसलाय असं मी कधी पाहिलंच नाही. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असतो. मी थोरला, सातवी शिकलेला, आणि छातीठोकपणे सांगतो, त्याच्यासारखा रंगारी या भागात दुसरा नाही. एक आहे, तो मी. पण मी आता शिडी चढत नाही.

पत्र्याच्या छपराला पांढरा रंग द्यायचं इथे त्यानेच सुरू केलं. चुना, त्यात डिंक, वरून दोन हात. भर उन्हातही खालची खोली माणसाला बसण्याजोगी होते. लोक हाका मारून न्यायचे. मग निवडणूक आली. एका पक्षाने हवामान बदलाचा विषय उचलला. त्यांचा उमेदवार धाकट्याच्या शिडीवर चढला, त्याचाच कुंचा हातात धरला आणि फोटो काढून गेला. आमचा धाकटा बाजूला दात काढून उभा. तो फोटो चौकाचौकात लागला आणि झालं! दुसरा पक्ष म्हणाला, हवामानबिवामान सगळ्या थापा. तेव्हापासून ज्याचं छप्पर पांढरं, तो फोटोवाल्या पक्षाचा माणूस. आमची गल्ली बहुतेक दुसऱ्या पक्षाची. मीही त्यांचाच, सभेला खुर्च्या मांडतो, लपवत नाही. हवामानाचं मला विचारू नका. पण पत्र्याखाली मी दिवस काढलेत, ते मला कुणी शिकवू नये.

समोरचे शिंपीकाका म्हणजे आमच्या पक्षाचे गल्लीतले पुढारी. खाली त्यांचं दुकान, वर पत्र्याची एकच खोली. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या सुनेला मुलगी झाली. पोरीच्या अंगभर घामोळं. दुपारी रडून रडून तिचा आवाज बसायचा. ते रडणं सरळ आमच्या घरात यायचं, आणि धाकटा उठ-बस, उठ-बस. दारापर्यंत जायचा, परत यायचा.

"दादा, तू चल ना. तुझं ऐकतील."

गेलो. काकांनी मशीन थांबवलं नाही.

"या फोटोवाले. आज कुणाला शिडीवर चढवलंत?"

"काका, पोरीसाठी आलोय. छप्पर रंगवून देतो."

"आमच्या लहानपणी कुणी पत्रे रंगवले होते? वाढलोच ना?"

"वाढलात, पण डोक्यावर काही उरलं नाही," धाकटा म्हणाला. मी त्याला कोपर मारलं.

"काका, मी आपला माणूस," मी म्हणालो. "छपराला कसला आलाय पक्ष?"

"छपराला नसेल, तुझ्या भावाच्या फोटोला आहे. उद्या सभेत उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणेल, आधी घरचं छप्पर बघा."

"मग फिकट पिवळा देतो."

"लांबून पांढराच दिसणार."

आतून काकूंचा आवाज आला. "लांबून पोरीचं रडणंही ऐकू जातं. ते कुठल्या पक्षाचं, तेवढं सांगा."

मशीन थांबलं. काका बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. दोरा ओवलेलाच होता.

"पाळण्यावरचे पत्रे," ते म्हणाले. "मागच्या अंगाचे, रस्त्यावरून न दिसणारे. पुढच्याला हात लावायचा नाही."

त्याच संध्याकाळी काम झालं. छप्पर अर्धं पांढरं, अर्धं गंजकं. गल्लीने त्याला युतीचं सरकार नाव ठेवलं. पोर जरा निवली. पण ऊन कललं की पुढचे पत्रे आग ओकायचे आणि रडणं पुन्हा सुरू.

"अर्ध्याच भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं झालंय, दादा," धाकटा म्हणायचा आणि पुन्हा दारात जायचा.

मग तो दुसरा हात द्यायला म्हणून वर चढला. उतरला तेव्हा आणखी एक पत्रा पांढरा.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"डबा कलंडला, काका. सांडलं."

काका मान वर करून बघत राहिले. चुना कधी असा कडेला कड धरून सांडतो का? त्यांनाही कळलं असणार. "जपून काम करत जा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

आठवडाभर हेच. कधी डबा कलंडला, कधी कुंचा निसटला. दर वेळी एक पत्रा पांढरा, आणि दुपारचं रडणं थोडं उशिरा सुरू व्हायचं. आता फक्त रस्त्याकडची ओळ राहिली होती.

चहाच्या टपरीवर न्हावी मला म्हणाला, "तुझ्या भावाचा हात गेला रे. रोज सांडतो. म्हातारपण लवकर आलं वाटतं."

सगळे हसले. आमच्या घराण्याच्या हाताला कुणी नाव ठेवावं! त्याच्या हातात पहिला कुंचा मी दिलाय. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण खरं बोललो असतो तर काकांना माहीत नसल्याचं सोंग करता आलं नसतं, त्यांना काम थांबवावं लागलं असतं.

"होतं कधीकधी," मी म्हणालो. चहा अर्धा टाकून उठलो.

बाहेर धाकटा शिडी खांद्यावर घेऊन निघालेला.

"दादा, आज वारा आहे. पुढच्या ओळीवर सांडेल असं वाटतंय."

"सांड," मी म्हणालो. "पण कड सरळ ठेव. लोक बघतायत."