भांगेचा पाटा धुणारी धोंडुबाई

धोंडुबाई तोंडाची फाटकी होती, असं आमच्या गावात कोणीही सांगेल. हातानंही कमी नव्हती. देवळाच्या पाट्याजवळ चप्पल घालून गेला म्हणून तिनं एका जावयाच्या थोबाडीत मारली होती, तीही सासऱ्यासमोर. लोक हे रंगवून सांगतात आणि हसतात. ती अशी का झाली ते मात्र सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचे हात आहेत. माझाही आहे, आणि माझा सगळ्यांत आधीचा.

आमचं गाव पेणच्या खाडीकडेचं, निम्मं मिठागरावर राबणारं. शंकराच्या देवळामागे ओट्यावर एक काळा पाटा आहे. महाशिवरात्रीला त्याच्यावर भांग वाटतात, एरवी त्याला कोणी विचारत नाही. तो धुवायचं काम धोंडुबाईचा नवरा जनू याच्या घराण्याकडे, म्हणजे तिच्याकडेच, कारण जनूला काम म्हटलं की झोप यायची. धोंडुबाई आदल्या दिवशी दुपारी यायची. भांगेचा चीक वाळला की पाट्यावर काळा थर धरतो, तो साध्या पाण्याला दाद देत नाही. ती आधी कढत पाणी ओतायची, मग नारळाच्या सोडणानं, वरच्या काथ्याच्या सालीनं, घासायची, मग मिठागरातल्या जाड्या मिठानं. खळग्यांत उरलेलं बांबूच्या काडीनं टोकरून काढायची. शेवटी मूठभर भिजवलेले तांदूळ वाटायची. वाटण हिरवट आलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. पांढरं आलं की ते चार लोकांसमोर स्वतः खायची. ही गावाची रीत होती. धुणारीनं खाल्लं म्हणजे पाटा धुतला. मग वर ओलं फडकं टाकायचं आणि सकाळपर्यंत कोणी शिवायचं नाही. सकाळच्या भांगेचा पहिला गोळा धुणारीच्या घरी जायचा. जनू त्या एका गोळ्याची वर्षभर वाट बघायचा.

१९९१ साली मी रोह्याला एका कंपनीत नवा लागलो होतो. शिफ्ट करून यायचो आणि गावच्या रीतींना हसायचो. आईचे गुडघे सुजले होते. तिला त्याच्यावर धोत्रा वाटून बांधायचा होता. पण आमच्या पाट्याला नेमकी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी टाकीवाल्यानं टाकी लावली होती, छिन्नीनं नवे खळगे पाडले होते, आणि त्यातली दगडाची कच अजून जायची होती. धोत्र्यासाठी शेजारची बाई आपला पाटा कशाला देईल? संध्याकाळी मी पाला आणि बिया घेऊन देवळामागे गेलो. फडकं बाजूला केलं, वाटलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि फडकं होतं तसं टाकलं. देवळाच्या पाट्यालाही त्याच आठवड्यात टाकी लागली होती. नव्या खळग्यांत काय काय अडकून बसतं, हे धोंडुबाईला कळत होतं. मी शहाणा, मला तांब्याभर पाणी पुरेसं वाटलं.

सकाळी खळग्यांतलं सगळं पहिल्याच गोळ्यात आलं, आणि तो गोळा जनूनं गिळला. तासाभरात तो हवेतून काहीतरी वेचायला लागला. डोळे लालभडक, तोंड कोरडं, बायकोलाही ओळखेना. मग त्यानं कुडाला खोचलेला कोयता उपसला. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष हैबतराव त्याला धरायला गेला, तर जनूनं त्याच्या दंडावर वार केला. आतलं हाड दिसलं. त्याबरोबर वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन जनूवर तुटून पडली. मी मारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय, पण काठी माझ्याही हातात होती.

डोकं फुटलेला जनू बांधावरून पळाला आणि खाडीच्या चिखलात उतरला. कमरेपर्यंत रुतला. तिथूनही कोयता फिरवत होता, म्हणून त्याला काढायला कोणी पुढे गेलं नाही. धोंडुबाई चिखलात उतरायला लागली तर बायकांनी तिला धरून ठेवलं. भरती आली. आम्ही बांधावर उभे राहून बघितलं. ओहोटीला तो तसाच उभा सापडला, मान तेवढी पडलेली.

प्रेत ओसरीवर होतं तेव्हाच हैबतराव दंडाला पट्टी बांधून आला. "भवाने, पाटा धुतला नायस तू," म्हणाला. धोंडुबाईला केसांना धरून देवळापर्यंत ओढत नेलं आणि तिचं तोंड त्या पाट्यावर आपटलं. पुढचे दोन दात तिथंच पडले. बायकांनी लाथा घातल्या, ज्यांनी आदल्या दिवशी तिला तांदूळ खाताना बघितलं होतं त्यांनीही. ती एकच सांगत होती, "धुतला हाय. तुमच्यादेखत खाल्लंय मी." मी खांबाला टेकून उभा होतो. काय झालंय ते मला जनू हवेत वेचायला लागला तेव्हाच कळलं होतं. मी घाबरट होतो, दुसरं काही नाही.

पुढे दोन वर्षं पाटा दुसऱ्यांनी धुतला. धुतला कसला, ओला केला. जुना थर आंबला आणि शिवरात्रीला अर्धं गाव डबा घेऊन बांधावर पळालं. मग कमिटी निर्लज्जपणे धोंडुबाईच्या दारात गेली. ती आली. पण पहिला गोळा आता तिच्या घरी जात नव्हता, आणि तिनं तांदूळ वाटले की माणसं तिथून निघून जायची. ती तळहातावर ते पांढरं वाटण घेऊन एकेकाला हाक मारायची, "बघ गो, बघ रं, मी खाते ते बघ." कोणी बघायचं नाही. मग ती वरवंटा मांडीवर घेऊन पाट्याशी बसायची. जवळ येईल त्याला हाणायची. एकाचं मनगट मोडलं, एकाचा गुडघा. रेशनच्या रांगेत भांडण असो की विहिरीवर, ते शेवटी तिथंच यायचं, "सांगा, पाटा धुतलेला व्हता का नाय?" तिला नवरा परत नको होता, पैसे नको होते. गावानं एवढं एक कबूल करावं, बस्स.

मी सहा वर्षं गप्प राहिलो. आई आहे तोवर नको, तिलाही असंच केसांना धरून ओढतील, असं मी मनाशी म्हणायचो. ते खरंही होतं आणि सोयीचंही होतं. १९९७ च्या पौषात आई गेली. महिन्या-दोन महिन्यांनी शिवरात्र आली, आणि सकाळी सगळं गाव देवळामागे जमलं असताना मी उभा राहून सांगितलं. धोत्रा मी वाटला. फडकं मी काढलं. धोंडुकाकीनं पाटा धुतलेला होता. मी मार खायच्या तयारीनं गेलो होतो. घड्याळसुद्धा घरी काढून ठेवलं होतं.

कोणी हात उचलला नाही. हैबतराव हसला. "कान्हू, आईच्या दुःखानं येडा झालास काय? जुनं कशाला उकरतोस?" म्हणाला. कोणीतरी माझ्या हातात भांगेचा पेला दिला. कोणी म्हणालं, बस रे, घे थोडी. जिच्या हातून काही झालं नव्हतं तिचे दात पाडले, आणि मला पेला.

धोंडुबाई त्यांच्याकडे बघत होती. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं तिनं. मग माझा उजवा हात धरून पाट्यावर दाबला आणि वरवंटा घातला. पुन्हा घातला. तीन बोटांचा चेंदा झाला. मी गुरासारखा ओरडलो.

आता मात्र सगळे उठले. "कंपनीतला मानूस हाय, हात मोडला त्याचा!" म्हणत तिच्यावर धावले. पहिली लाथ हैबतरावाची. माझ्या नावानं तिला मारत होते. मी ओरडत होतो, "मारू नका, तिनं बरोबर केलं." कोणी ऐकत नव्हतं, की ऐकू येऊनही थांबत नव्हतं. दमल्यावर थांबले.

ती ओट्याला धरून उठून बसली. पदरानं तोंडातलं रक्त पुसलं. वरवंटा तिनं हातातून सोडला नव्हता, पण आता तो नुसता धरलेला होता. माणसं कपडे झटकत होती.

"आता तर यानं पन सांगितलं," ती म्हणाली. "आता तरी बोला. पाटा धुतलेला व्हता का नाय?"

बायका पोरांना घेऊन निघाल्या. हैबतराव घोटणाऱ्यांना म्हणाला, चला, उशीर झाला.

मी हात पोटाशी धरून तिच्याजवळ सरकलो. "धुतलेला व्हता, काकी," म्हटलं. "तू धुतलेला व्हतास."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुला नाय इचारलं," ती म्हणाली.